न झोडलेली उडवी

तुमच्या घरातल्या मुलीला तुम्ही कधीपर्यंतची मुदत दिली आहे?

थांबा. लगेच "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणू नका. मुदत दर वेळी तोंडाने सांगावी लागत नाही. "बारावी होऊ दे, मग बघू." "ही एक भरती, पुढे नाही." "धाकटीचं जमायच्या आत काय ते कर." ही सगळी मुदतच. मुलाच्या बाबतीत त्याच गोष्टीला आपण "लागेल अजून थोडा वेळ" असं म्हणतो आणि चहा मागवतो.

हे आज आठवायचं कारण साधं आहे. सुगी आली आहे. काल वेल्ह्याला यष्टीतून उतरले आणि गावच्या रस्त्याला लागले, तेव्हा दोन्ही अंगांना कापलेलं भात आडवं पडलं होतं. ओलसर पेंढ्याचा तो वास नाकात थांबत नाही, घशात उतरतो. थोडा गोड, थोडा धुळीचा. तोरणा कमरेपर्यंत धुक्यात होता. कुठल्यातरी खळ्यावर पेंढी आपटल्याचा आवाज आला, धप्, आणि मागोमाग दाणे सांडल्याची सर. त्या दोन आवाजांच्या मधे मला दर सुगीत ऐकू येतो तो तिसरा आवाज आला. टप्. शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेनिसचा चेंडू असा वाजतो. जरा दबलेला, झोपेत कुणी हाक मारावी तसा.

खळ्यावर अर्थात कुणी नव्हतं. काजल आता इथे नसते.

काजल आमच्या शेजारची. मला ताई म्हणते. आज ती टेनिस खेळून जगते. पाठीला तिच्याहून रुंद बॅग लावून लहान लहान स्पर्धांच्या गावी जाते, कधी या देशात, कधी त्या. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. पुढे ऐकाल की नाही, मला माहीत नाही, आणि ते महत्त्वाचंही नाही. मला तुम्हाला तिची एक सुगी सांगायची आहे. ती खेळणार की नाही, हे त्या सुगीत ठरायचं होतं.

खिंडीपलीकडे, पानशेतच्या अंगाला, पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत. त्यातल्या एका आवारात टेनिसचं कोर्ट आहे. तिची आई, सुमनकाकी, तिथे झाडलोटीला जायची आणि लहानग्या काजलला बरोबर न्यायची. बंगल्याचे मालक दिवाळीला यायचे, एकतीस डिसेंबरला यायचे. बाकी वर्षभर कोर्टाच्या जाळीला कुलूप. आत पाचोळा खेळायचा. एकदा पाहुण्यांनी तारा तुटलेली रॅकेट टाकून दिली ती काकींनी मालकिणीला विचारून घरी आणली, पापड वाळवताना कावळे हाकायला बरी म्हणून. कावळे काही दिवसच हाकले गेले. ज्या पोरीला खेळायचं आहे तिच्या हातात फुटकी रॅकेट, आणि ज्यांना खेळायचं नाही त्यांच्या कोर्टाला कुलूप. माझे बाबा चळवळीतले, घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची, त्यामुळे असलं काही दिसलं की मला अजूनही मोठ्या अक्षरात मथळा सुचतो. पण काजलने कधी त्या जाळीकडे डोळे वटारून पाहिलं नाही. ती बाहेरून पाहून आली की कोर्ट कसं असतं, आणि घरी येऊन म्हणाली, "ताई, आपलं खळं हाय की."

खळं म्हणजे भात झोडायची जागा. सुगीच्या तोंडावर माती खणून, पाणी मारून, चोपून चोपून टणक करायची, वर शेणाचा हात फिरवायचा. आमच्या दोन घरांचं खळं एकच, आणि त्याचा कारभार तात्यांकडे. तात्या म्हणजे काजलच्या वडलांचे चुलते. वडील कंपनीच्या पाळीत, शिरवळच्या बाजूला, घरी रविवारचे. म्हणून तात्याच घरचे मोठे. त्यांचा एक दंडक होता: खळ्यात पायताण न्यायचं नाही. सरपंच आले तरी चपला बांधाशी. काजल टेनिस अनवाणी शिकली ती गरिबीमुळे, असं एकदा कुणी कौतुकाने छापलं होतं. साफ चूक. बूट होते तिला. तात्यांची परवानगी नव्हती.

खळं कोर्टाच्या निम्म्याहूनही कमी. लांब मारलं की चेंडू नाचणीच्या शेतात. म्हणून ती आखूड मारायला शिकली; चेंडू जाळ्यापलीकडे हलकेच ठेवायचा, जसा झोपलेल्या बाळाचा हात आपण बाजूला ठेवतो. जाळं म्हणजे दोन मेढींना बांधलेला जुना नाडा आणि त्यावर वाळत घातलेलं काकींचं लुगडं. आणि रेषा राखेच्या. भाताच्या राशीभोवती राखेचं रिंगण घालतात ना, तीच राख, तोच हात. तात्या वाकून, मुठीतून राख सोडत, न थांबता सरळ रेघ ओढायचे. चेंडू रेघेवर पडला की राखेचा एक बारीक ढग उठायचा. उन्हात तो क्षणभर तरंगायचा आणि तेवढ्यात सगळ्यांना कळायचं की चेंडू आत. वाद नाही, पंच नाही. राख उडाली की आत.

आमच्या घरून आणखी एक गोष्ट खळ्यात गेली. धरणात जमिनी गेलेल्यांच्या मोर्चाची उरलेली पत्रकं. कोपऱ्यात दगडाखाली पत्रक ठेवायचं आणि काजलने त्यावर सर्व्हिस पाडायची. माझे बाबा ओट्यावरून ओरडायचे, "काजल, आज कुठं पडला गं?"

"आमच्या मागण्या, क्रमांक तीनवर!"

"क्रमांक एकवर पाड. तीन मान्य झालीय."

अकरावीला ती मावशीकडे आंबवड्याला राहायला गेली आणि भोरच्या कॉलेजात जायला लागली. झुलत्या पुलावरून पळत यायची, म्हणायची की पूल पाय पडायच्या आधीच हलतो, म्हणून पाय कुठे टाकायचा ते आधी ठरवावं लागतं. भोरला डॉक्टर मॅडमनी तिला पाहिलं. त्यांचा दवाखाना होता, कॉलेजात असताना त्या खेळलेल्या, आणि गावातल्या एका जुन्या सिमेंटच्या कोर्टावर सकाळी चार पोरांना शिकवायच्या. काजलचं खेळणं पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे इतकं आखूड कुणी शिकवलं?" काजल म्हणाली, "नाचणीनं." मॅडम दवाखान्यात जाईपर्यंत हसत होत्या.

मला वाटतं, त्या दोन वर्षांत कुणालाच कळलं नाही की ही पोर खेळ सोडून दुसरं काही करणार नाही. फक्त तिला कळलं होतं. आपल्याकडे मुलीला आतून काही कळलेलं असलं, की ते ती कुणाला सांगत नाही. जसं पिकत घातलेला आंबा कुणी सारखा उघडून पाहत नाही.

बारावी करून ती घरी परतली, त्या वर्षीचं नवरात्र. पुण्यात तिची पहिली मोठी स्पर्धा, जिथून धंदेवाईक खेळाडूंची वाट सुरू होते. तिथली शिडी अशी: आधी पात्रता फेऱ्या, त्या जिंकल्या की मुख्य स्पर्धा, आणि मुख्य स्पर्धेत एक जरी सामना जिंकला की पहिला गुण. जगभरच्या खेळाडूंच्या यादीकडे जाणारा रस्ता त्या एका गुणापासून सुरू होतो. पात्रता फेरीत रेषेवर माणूस नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच बोट वर करून सांगायचं.

काजल जिंकत होती. समोरच्या मुलीने एक चेंडू मारला, तो बरोबर रेषेवर पडला. मी जाळीबाहेरून पाहिला, डॉक्टर मॅडमनी पाहिला, सगळ्यांनी पाहिला. काजलने बोट वर केलं. बाहेर.

समोरची मुलगी रडायला लागली. तिचे वडील उठून उभे राहिले. "खोटारडी" हा शब्द कुणीतरी उच्चारला आणि मग तो जाळीच्या कडेकडेने फिरत राहिला. काजल गोंधळून आमच्याकडे पाहत होती. तो सामना ती कशी हरली, मला आठवत नाही. मॅडमनी तिला नळाशी नेलं, तोंड धुवायला लावलं आणि विचारलं, "का गं बाहेर दिलास?"

"राख उडाली न्हाई, मॅडम."

रंगवलेल्या रेषेतून काय उडणार? लहानपणापासून ती चेंडूकडे पाहतच नव्हती, ती त्या ढगाकडे पाहत होती. मॅडमनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "डोळ्याला शिकवू आपण. तोवर एक लक्षात ठेव. शंका आली की चेंडू आत. नियमच आहे तसा."

"आमच्यात पण हाय," काजल नाक ओढत म्हणाली. "रेघेवरचं दाणं राशीत वढायचं न्हाई. पाखरांचं."

चूक निरागस होती, पण तो शब्द गावात आला. असे शब्द मोटारसायकलीवरून येतात. सुमनकाकींना बाजारात कुणीतरी विचारलं, "तुमच्या पोरीनं पुण्यात लबाडी केली म्हनं?" काकी घरी आल्या, पिशवी ठेवली आणि काजलला म्हणाल्या, "हरलीस तर मी कवा काय बोलले? पर नाव जातंय. ही सुगी सरंपत्तुर खेळ. तो काय तुजा येक गुण असंल तो आण. न्हाई आला तर पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा. उंची हाय, पळती हायेस. बास."

काजलने मान हलवली. तिला माहीत होतं, पुढची स्पर्धा पौषात होती. सुगी त्याच्या किती तरी आधी सरणार होती.

आणि इथे तात्या आले. आमच्याकडे सुगी केव्हा सरते हे कॅलेंडर सांगत नाही. कापलेल्या भाताच्या पेंढ्यांची उडवी रचून ठेवतात, घराएवढी, शेंड्याला निमुळती. आणि सवड मिळेल तशा उडव्या उतरवून झोडतात. शेवटची उडवी झोडली, रास उचलली, खळ्याला नारळ फोडला, की सुगी सरली. एक जरी उडवी उभी असली तरी नाही.

त्या वर्षी सगळी भातं झाली आणि तात्यांची एक उडवी उभीच राहिली.

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, पाठ दुखतीय. मग म्हणाले, दव लई पडतंय, पेंढा वला हाय. मग म्हणाले, अमावस्या जाऊ द्या. समोरच्या घरची हौसाकाकू पाण्याला जाता-येता थांबायची. "काय वं तात्या, उंदरांची जत्रा भरवताय व्हय खळ्यात?"

"भरू दे. उंदीर काय तुज्या घरचं खात्यात?"

"आज तुमच्या घरचं खात्यात, उद्या माज्या घरला येतील पाणी प्यायला."

"मग तांब्या भरून ठेव."

आणि त्या उभ्या उडवीच्या सावलीत काजल खेळायची. माझ्या डोळ्यांसमोर ती सुगी आजही अशी येते, जणू कुणी तिच्यावरून ओलं फडकं फिरवून ठेवलं आहे. सकाळचं कोवळं ऊन, तुसाचे कण हवेत, ते खाली यायला तयारच नाहीत. काजलचे पाय शेणाच्या सारवणावरून सरकतात आणि जमिनीवर दोन फिकट कमानी उमटतात. ती दुसऱ्यांच्या खळ्यावर भात झोडून आलेली असायची. केसांत लोंब्या, दंडावर तुसाचे लाल ओरखडे. मी पलीकडून चेंडू हाताने टाकायचे. तात्यांनी राखेची रेघ बंद केली होती. मॅडमनी दिलेल्या रंगाने, जीभ दाताखाली धरून, त्यांनी खळ्यावर पांढरा पट्टा ओढला होता. काजल चेंडूवर डोळा ठेवायची आणि मोठ्याने सांगायची. आत. बाहेर. आत. कधी कधी थांबायची आणि हळूच म्हणायची, "पाखरांचा." म्हणजे शंकेचा. म्हणजे समोरच्याचा. उडवीवर खरोखरीच पाखरं बसलेली असायची. ती उडायची, पुन्हा बसायची. मला वाटायचं, काळ असाच राहावा, कुणी झोडू नये.

पण काळ झोडला जातोच. पौषातली स्पर्धा आली. या वेळी आम्ही पुण्याला टेम्पोने गेलो: तात्या, मी आणि आपणहून चढून बसलेल्या सुमनकाकी. "बघते तरी काय करती ती," एवढंच म्हणाल्या. कोर्टाच्या दाराशी तात्यांनी पायातलं काढलं. काकींनीही काढलं. रखवालदार म्हणाला, "बाबा, चपला घाला, इथं चालतात." तात्या त्याच्याकडे दयेने पाहून आत गेले. मीही काढल्या. सिमेंटच्या पायऱ्या थंडगार होत्या. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. रास मोजताना कुणी बोलत नाही, तसे बसलो. नंतर काजल म्हणाली, समोरच्या बाजूला टाळ्या पडत होत्या आणि आमच्या बाजूला शांतता होती. त्या शांततेत तिला पेंढ्याचा वास येत होता.

पात्रतेची शेवटची फेरी. दोघींचा एकेक सेट झाला आणि शेवटच्या निकाली डावात ती पुढे गेली. एक चेंडू, फक्त एक, जिंकायचा होता. समोरच्या मुलीने जीव खाऊन मागच्या रेषेकडे मारला. काजल वळली. चेंडू पडला आणि उडून गेला.

काजल खाली पाहत उभी राहिली. बोट वर केलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. डॉक्टर मॅडम माझ्या शेजारी होत्या, त्यांच्याही तोंडून "बाहेर" असं पुटपुटलं गेलं. काजलने तळहात जमिनीकडे धरला. आत.

"काय झालं?" काकींनी माझा हात धरला.

"चेंडू आत पडला म्हणाली."

"व्हता का आत?"

"माहीत नाही, काकी. तिलाही नाही."

काकींनी हात सोडला नाही. पुढचे चेंडू भराभर गेले. काजल हरली. जाळ्याशी जाऊन तिने हात मिळवला, बॅग भरली, आमच्याकडे आली आणि आईच्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाली, "आई, चपला घाल. गार हाय." एवढंच.

परतताना खडकवासल्याचं पाणी मावळतीत तांबूस झालं होतं. पाबे घाटात टेम्पो धापा टाकत चढला. वेल्ह्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा तात्या, कुणाकडेही न पाहता, म्हणाले, "उद्या उडवी झोडून टाकू."

सकाळी मी खळ्यावर गेले तेव्हा तात्या विळा घेऊन उडवीचा बंद कापायला उभे होते. काजल डोक्याला फडकं बांधून पहिली पेंढी घ्यायला खाली. तेवढ्यात सुमनकाकी आल्या. काखेत प्लॅस्टिकचा निळा कागद, पावसाळ्यात घरावर घालतो तो. त्यांनी काजलला बाजूला सारलं, कागद उडवीवर भिरकावला आणि म्हणाल्या, "धरा त्याचं टोक."

"सुमन, झोडायची ना?"

"न्हाई. सुगी सरली न्हाई अजून."

"अगं, थंडी सरत आली."

"मग? आमची लांबली. तुमाला कुणी इचारलं तर सांगा." त्या कागदाला दगड बांधत होत्या, आमच्याकडे पाठ होती. "आन् ह्या उडवीचं मला ठाव न्हाई असं वाटलं व्हय तुमाला? पाठ दुखतीय, दव पडतंय! रोज सकाळी हितं उंदराच्या लेंड्या म्याच झाडते."

तात्या विळ्याकडे पाहू लागले. काकी वळल्या, काजलकडे पाहून थांबल्या आणि आवाज खाली आला. "काल रेघेवरचं पाखरांना टाकलंस न्हवं? मला दिसलं. आता रास तुजी. हुईल तवा हुईल."

भरतीचा फॉर्म कुणी भरला नाही. शिमगा झाला, खळ्याला भेगा पडल्या, निळा कागद उन्हाने पांढुरका झाला आणि उडवी उभीच होती. आंब्याच्या दिवसांत, दूरच्या एका शहरात, काजलने पहिला गुण मिळवला. आमच्याकडे रेंज फक्त खळ्याच्या बांधावर येते. बातमी तिथेच आली. त्याच दुपारी भर उन्हात उडवी झोडली. निम्मं भात उंदरांनी खाल्लं होतं, उरलेल्याचा रंग गेला होता, तांदळाला जुनाट वास येत होता. तो भात आम्ही दोन्ही घरांनी खाल्ला. हौसाकाकूसुद्धा आली, म्हणाली, "उंदरांनी माज्यासाठी बरंच ठिवलं की."

काल संध्याकाळी मी त्याच बांधावर बसले होते. भातं उतरायला लागली आहेत. काजल या आठवड्यात कुठेतरी खेळते आहे. जिंकली की हरली, ते अजून कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या आईने विचारलंही नाही. काकी बांधाशी चपला काढून खळ्यात गेल्या, उडव्यांकडे बघत फिरल्या आणि हौसाकाकूला हाक मारून म्हणाल्या, "तुजी नात भोरला वायरमनचं शिकायचं म्हनती न्हवं? मग आमची कडंची उडवी तिची. ऱ्हाऊ दे उभी."

म्हणून तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. हे बाजूला ठेवा आणि आज जेवायच्या आधी तुमच्या घरातल्या त्या मुलीसमोर जाऊन बसा, जिला तुम्ही तारीख दिली आहे. तिला सांगा, ती तारीख मोडली. कारण विचारलं, तर म्हणा, आपली सुगी लांबली आहे.